खोडरबर

माझं काम साधं आहे.
परत आलेली पुस्तकं उघडायची,
पानांचे मुडपलेले कान सरळ करायचे,
आत राहिलेलं काढून ठेवायचं
(बसची तिकिटं, द्राक्षांच्या औषधाची पावती,
एकदा तर बाळाच्या जावळाची पुडी)
आणि पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या.
पेनाला दंड आहे. पेन्सिलीला मी.

एकवीस वर्षं, मेनरोडच्या मागच्या या वाचनालयात,
मी लोकांची मतं पुसतो आहे.

प्रेमकथांत कुणी फारसं लिहीत नाही.
रहस्यकथेत एखादा खवट माणूस
पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून जातो.
पण ती दुसरी पुस्तकं,
उपाशी राहून शिकलेल्यांची,
पाणवठ्यावरून हाकललेल्यांची,
ज्यांच्या तोंडावर देवळाचं दार लावलं त्यांची,
ती परत येतात तेव्हा समासात दाटी असते.
'अगदी असंच.'
'आमच्याकडे विहीर नव्हती, टाकी होती. बाकी तेच.'
'मास्तरचं नाव का लिहिलं नाही? घाबरला का?'

पुराच्या साली तळची फळी बुडाली.
दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला त्या दिवशी
पाणी आमच्या पायरीवर आलं.
नंतर आठवडाभर गच्चीत दोऱ्या बांधून
पुस्तकं वाळत घातली, चिमटे लावून, परकरांसारखी.
शाई पसरली होती.
पेन्सिल होती तशीच.

यंदा मार्चात एक आत्मचरित्र परत आलं.
आधी कंदील, मग वसतिगृह,
शेवटी शाल, हार, गावातून जीप.
चौसष्टाव्या पानावर बहीण शाळा सोडते,
भावाच्या फीसाठी कांद्याच्या खळ्यावर जाते.
एक वाक्य.
पुढच्या वाक्यात तो पास होतो.

बाजूला बारीक अक्षरात:
'ही पुढे दिसते का बघू.'
नव्वदाव्या पानावर: 'अजून नाही.'
एकशे बारा: 'लग्नातसुद्धा नाही?'
आणि सत्काराच्या फोटोखाली:
'मोजले. बावीस जण. ती नाही.'

खोडलं मी.
पण लिहिताना दाबून लिहिलेलं,
पान उलटलं की पाठीमागून बोटाला लागायचं.

रजिस्टरात पाहिलं. सभासद ४१२७,
चंद्रकला शेजवळ, सातपूर.
शनिवारी आली, पाळीवर जायच्या आधी,
अंगठ्यावर सोल्डरिंगचा काळा डाग.
म्हटलं, ताई, पुस्तकात लिहायचं नसतं.
ती म्हणाली, मग कुठं लिहायचं?

नियमावली भिंतीवरच आहे, चौदा कलमं.
मी खरंच वर बघितलं.

तिनं तसलंच आणखी एक घेतलं, जाडजूड.
शिक्का मारताना माझा हात हलला,
तारीख दोनदा उमटली.

मी बी.ए. आहे, बाहेरून.
निकाल लागला तेव्हा आळीत पेढे वाटले
सिंधूनं, प्रत्येक दारात थांबून,
आठवीतून काढलेल्या सिंधूनं,
'आमचा भाऊ पदवीधर झाला' सांगत.
पेढा कुणाच्या पैशाचा होता
ते मला आत्ता, बावन्नाव्या वर्षी,
सीबीएसला बसची वाट बघताना सुचलं.
खिशात रबराचा चुरा.

फोन लावला. ती पिंपळगावला असते,
द्राक्षांच्या पॅकिंगला, थंड खोलीत, स्वेटर घालून.
मागे यंत्राची घरघर.
म्हटलं, काही नाही गं, काय करतेस?

थोडा वेळ नुसती घरघर.
मग तिचा आवाज, एकदम खाली आलेला:

"का रे? कोण गेलं?"